चालकाचा विसावा

रात्री आपण अंथरुणास पाठ लावतो, तेव्हा बोरघाटाच्या चढणीवर मालमोटारींची, म्हणजे आपल्या नेहमीच्या बोलण्यातील ट्रकांची, रांग लागलेली असते. सकाळी बाजारात येणारी भाजी, वाण्याच्या दुकानातील धान्य, आमच्या वह्यांचा कागद, हे सारे कोणीतरी जागून आणिलेले असते. तो किती तास जागला, हा प्रश्न आपल्या मनात क्वचितच येतो. त्याविषयी विद्यार्थिमित्रांशी व त्यांच्या पालकांशी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

चालकाच्या कामास मर्यादा असावी, हा विचार आपल्या देशात नवा नव्हे. १९३९ च्या मोटारवाहन कायद्यातच तशी तरतूद होती. पुढे १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याने दिवसास ८ तास व आठवड्यास ४८ तास ही मर्यादा ठरविली. सलग ५ तासांहून अधिक काम होण्यापूर्वी निदान अर्धा तास विसावा मिळावा, विसावा धरून सर्व काम १२ तासांच्या आत आटपावे, आणि आठवड्यास एक दिवस सुटी असावी, असे त्यात सांगितले होते. लांबच्या पल्ल्यासाठी परवानगीने १० तासांची सवलत होती. २०२० च्या संहितेने हा कायदा आपल्यात सामावून घेतला. तथापि दिवसास ८ तासांचे मूळ सूत्र तिनेही सोडिलेले नाही.

या कायद्याच्या भाषेतील एक बारकावा आम्हांस फार मोलाचा वाटतो. मर्यादेबाहेर काम चालकाकडून करवून घेऊ नये, एवढेच म्हणून तो थांबला नाही; त्यास ते करूही देऊ नये, असे त्याने म्हटले. म्हणजे चालक आपखुशीने तयार झाला, तरी मालकाची जबाबदारी सुटत नाही.

येथे कोणी विचारील, चालकाचीच तक्रार नसेल तर इतरांनी आड का यावे? कर्जाचा हप्ता त्याच्या डोक्यावर, मुलांची फी त्याच्याच डोक्यावर. दोन खेपा अधिक केल्या तर बिघडले कोठे? प्रश्न खोटा नाही. आमच्या वाचकांपैकी काहींच्या घरची चूलही याच कमाईवर पेटत असेल. परंतु विद्यार्थ्यांनी एक सोपे गणित करून पाहावे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. चालकास तीनच सेकंद डुलकी लागली, तर ती अवजड गाडी ५० मीटर अंतर कोणाच्याही ताब्यावाचून धावते. तेवढ्या अंतरात एखादी बैलगाडी असेल, दुचाकीवरील कुटुंब असेल. ढाब्यावरचा कडक चहा डोळे घटकाभर उघडे ठेवील. पण झोपेची उणीव झोपेवाचून भरून निघत नाही.

दुसरे असे की, एकट्याने नकार देणे कठीण असते. एक चालक 'आता मी थकलो' म्हणाला, तर तीच खेप दुसऱ्यास मिळते. ज्याने शहाणपण केले त्याची मजुरी बुडते, आणि ज्याने जीव धोक्यात घातला त्यास काम लाभते. नियम सर्वांस सारखा लागू झाला, म्हणजेच 'नाही' म्हणणाऱ्याच्या पायाखाली जमीन येते. म्हणून हा नियम चालकाच्या पायातील बेडी नसून त्याच्या हातातील ढाल आहे, असे आमचे मत आहे.

मात्र ढाल भिंतीवर टांगून लढाई जिंकता येत नाही. युरोपात साडेचार तास गाडी हाकल्यावर ४५ मिनिटांचा विसावा घ्यावा लागतो, आणि किती तास गाडी चालली याची नोंद गाडीतील यंत्रच ठेविते. तेथील नियमांनी आणखी एक मर्म ओळखिले आहे: रस्त्यावरील सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने, कापलेल्या अंतरावर वा वाहिलेल्या मालावर, चालकाची मजुरी ठरविण्यास त्यांनी मनाई केली आहे. अमेरिकेत सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर ११ तास गाडी हाकता येते, पण तीही १४ तासांच्या आत; आणि गोदामाच्या दारात माल भरण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळही बहुधा त्या १४ तासांतच धरला जातो. आपल्याकडेही नोंद खरी असावी, मजुरी केवळ खेपेवर नसावी, आणि हमरस्त्यालगत गाडी निर्धास्त उभी करून पाठ टेकावयास जागा असावी. या तीन गोष्टींवाचून आठ तासांचे कलम कागदावरच राहील.

पालकांपैकी जे व्यापारी किंवा गाडीमालक असतील, त्यांस आमची विनंती आहे की, 'माल उद्या पहाटे पोचलाच पाहिजे' असे सांगण्यापूर्वी त्यांनी मधले तास मोजावेत. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या मालक होईल, कोणी अधिकारी होईल, कोणी स्वतः चाकामागे बसेल. शाळेत मधल्या सुटीची घंटा पाच मिनिटे उशिरा झाली तर तुम्ही किती चुळबुळ करता, हे आम्ही जाणतो. ज्याच्या मधल्या सुटीची घंटा कोणीच वाजवीत नाही, त्याची आठवण तेव्हा ठेवा.