एक फूट फाळका

वाहनाची उंची किती असावी, हा प्रश्न वरवर पाहता परिवहन खात्याच्या फायलीतच शोभावा इतका रूक्ष आहे. परंतु रस्त्यावरून जाणारा माल किती उंच रचला जातो, त्यातून मिळणारा पैसा कोणाच्या खिशात जातो आणि तो माल कोसळला तर कोण चिरडला जातो, हे तीन प्रश्न एकत्र मांडले की हाच रूक्ष विषय अर्थकारणाचा व न्यायाचा होऊन बसतो. बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना उदाहरणे शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत खामगाव, मलकापूर, नांदुऱ्याच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी फुगलेले कापसाचे ट्रक दिसतात. सोयाबीन, तूर, हरभरा निघाला की कुटाराच्या गाड्या गंजीच चालत असावी अशा डोलत जातात. खडकपूर्णेच्या काठावर रेतीचे टिपर धावतात आणि त्यांच्या हौद्याच्या मूळ फाळक्यावर पत्र्याचा किंवा फळ्यांचा आणखी एक फाळका चढवलेला असतो.

कायदा याविषयी मुका नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरफारांसंबंधी आहे. सन २००० मधील दुरुस्तीने ते अधिक कडक झाले. उत्पादकाने दिलेला जो मूळ तपशील नोंदणी प्रमाणपत्रात उतरतो, त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, असे ते सांगते. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ निःसंदिग्धपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने कलम १८२-क मध्ये अशा प्रत्येक बेकायदा फेरफारासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा मालकाला ठेवली. वाहनाची लांबी, रुंदी व उंची १९८९ च्या केंद्रीय नियमांतील नियम ९३ ठरवितो आणि २०२० मध्ये त्यातील मापे नव्याने निश्चित करण्यात आली. माल ठरलेल्या उंचीबाहेर रचला तर कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड आहे. वजन जास्त भरले तर २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहेत. तेव्हा कायद्याचा अभाव ही आपली अडचण नव्हे.

उंचीवर मर्यादा का असावी, याचे उत्तर शाळेतील पदार्थविज्ञानात आहे. ट्रकच्या दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर सुमारे १.८ मीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर आहे असे धरू. अर्धे अंतर, म्हणजे ०.९ मीटर, भागिले १.५ हे गुणोत्तर ०.६ येते. गाडीच्या वजनाच्या सहा-दशांशाइतके बल आडवे लागले की ती कलंडणार, असा याचा ढोबळ अर्थ. माल उंच चढवून गुरुत्वमध्य २ मीटरवर नेला तर हेच गुणोत्तर ०.४५ होते. जे वळण ताशी ४० किलोमीटरला कसेबसे निभावले असते, तेथे गाडी ३५ वरच उलटू शकते. पाटे दबतात, टायर बसतात, रस्त्याला उतार असतो, म्हणून प्रत्यक्ष स्थिती या हिशेबाहूनही नाजूक असते. राजूर घाटात किंवा बोथ्याच्या घाटात वळणावर समोरून बस आली की चालकाच्या हाती उरते ते फक्त स्टिअरिंग. गाडी उलटणार की नाही, हे बहुतांशी माल भरतानाच ठरून गेलेले असते.

कापूस व कुटार यांचे वजन कमी आणि आकारमान अधिक. तेथे धोका मुख्यतः उंचीचा, तोल जाण्याचा आणि वरच्या वीजतारांचा. रेतीची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे रेती ब्रासमध्ये मोजली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि कोरडी रेती धरली तरी त्याचे वजन साधारण साडेचार टन भरते. टिपरचा हौदा १४ फूट लांब व ७ फूट रुंद असेल तर तळाचे क्षेत्रफळ ९८ चौरस फूट होते. म्हणजे फाळका एक फुटाने उंच केला की एक ब्रास रेती जास्त मावते. एक फूट लाकूड किंवा पत्रा लावला की प्रत्येक खेपेला साडेचार टन! फाळक्याचा हा एक फूट म्हणजे सुताराचे किंवा वेल्डरचे किरकोळ काम वाटते. वस्तुतः ती भांडवल न गुंतवता केलेली क्षमतावाढ आहे आणि तिचा खर्च दुसऱ्याच कोणाच्या नावे मांडलेला आहे.

हा दुसरा म्हणजे कोण? पहिला, रस्ता. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक चालवून जी चाचणी झाली, तिच्यातून एक नियम निघाला. आसावरील भार वाढतो त्याच्या साधारण चौथ्या घाताने रस्त्याची हानी वाढते. भार ३० टक्क्यांनी वाढला तर हानी तीस टक्क्यांनी वाढत नाही, ती जवळजवळ तिपटीवर जाते. जिल्हा परिषदेचा जो रस्ता बैलगाडी, एस.टी. आणि हलक्या वाहनांच्या हिशेबाने बांधला गेला, तो अशा टिपरांखाली एका पावसाळ्यात उखडतो. मग बाळंतीण घेऊन निघालेली रुग्णवाहिका खड्ड्यांतून जाते आणि रस्त्याच्या दुरुस्तीचा खर्च सर्वांच्या कराच्या पैशातून होतो. खाजगी नफा आणि सार्वजनिक तोटा यांचे याहून स्पष्ट उदाहरण मला वर्गात कधी देता आले नसते.

दुसरा, स्वतः वाहतूक करणारा लहान मालक. फाळका वाढवणारा पहिला मालक खरोखरच नफा मिळवतो. पण सैलानीच्या यात्रेत पुढच्या माणसाने टाचा उंचावल्या की मागच्यालाही उंचवाव्या लागतात, आणि शेवटी सगळेच टाचांवर उभे असूनही कोणालाच अधिक दिसत नाही, तशी ही स्पर्धा आहे. सगळ्यांनी फाळके वाढवले की भाड्याचा दर जादा मालाच्याच हिशेबाने ठरतो. कालचा गैरप्रकार आज धंद्याची अट बनतो. जो कायद्याने चालेल त्याचा हप्ता थकतो आणि जो हप्ता भरेल त्याला कायदा मोडावा लागतो. एका ट्रकचा मालक स्वतःच चालक असतो, तेथे तर लोभापेक्षा धाकच मोठा असतो. या स्पर्धेत शेवटी जिंकतो तो माल पाठवणारा मोठा व्यापारी, ठेकेदार आणि दलाल. त्याने फाळका लावलेला नसतो. त्याने फक्त दर ठरवलेला असतो.

यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जाईल आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. उंचीची मर्यादा काटेकोर पाळली तर कापसाच्या व कुटाराच्या खेपा वाढतील, भाडे वाढेल आणि तो बोजा अखेरीस शेतकऱ्यावरच पडेल, असे म्हटले जाते. बोजा पडेल हे अंशतः खरे आहे. पण आज होणारी बचत शेतकऱ्याच्या पदरात पडते काय? खेडा खरेदीत व्यापारी दारातून कापूस उचलतो तेव्हा क्विंटलचा भाव तो सांगतो आणि वाहतुकीचा हिशेब त्याच्यापाशीच राहतो. गाडीत दहा क्विंटल अधिक कोंबले म्हणून शेतकऱ्याला क्विंटलमागे अधिक भाव मिळाल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. ज्याला शेतकऱ्याचा वाहतूक खर्च खरोखर कमी करायचा असेल, त्याने खरेदी केंद्रे गावाजवळ आणावीत आणि रेल्वेचा प्रश्न हाती घ्यावा. कापसासाठी जलंब–खामगाव रेल्वे १८७० मध्ये सुरू झाली व तिच्या उद्‌घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगाव–जालना मार्गाची मागणी पिढ्यानपिढ्या चालू आहे, पण रूळ अजून पडलेले नाहीत. रेल्वेचे काम ट्रकच्या फाळक्यावर लादायचे आणि वर शेतकऱ्याचे नाव पुढे करायचे, हा न्याय अजब म्हटला पाहिजे.

मर्यादांचा इतिहासही बोलका आहे. काही राज्यांनी ठरावीक रक्कम घेऊन जादा भाराच्या गाड्यांना पुढे जाऊ देण्याची पद्धतच पाडली होती. २००५ मध्ये परमजित भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. दंड भरला म्हणजे जादा माल घेऊन पुढे जाण्याचा परवाना मिळाला असे होत नाही, तो माल खाली उतरवलाच पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढे जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने भाराची मर्यादाच वाढवली. चार चाकांच्या एका आसावरील भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेला. वाहतुकीचा खर्च कमी व्हावा हा सरकारचा युक्तिवाद होता. चौथ्या घाताच्या हिशेबाने त्याच आसाखाली रस्त्याची हानी सुमारे दीडपटीहून अधिक होते, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. शिवाय मर्यादा वाढली म्हणून फाळके खाली आले नाहीत. ते नव्या मर्यादेच्याही वर गेले.

आता माणसांविषयी. २० ऑगस्ट २०२१ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात तढेगावजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावरील मजुरांना नेणारा टिपर उलटला. त्यात लोखंडी सळया होत्या आणि मजूरही होते. १३ मजूर ठार झाले. त्या टिपरचा फाळका वाढवलेला होता असे मी म्हणत नाही, आणि म्हणण्याचे कारणही नाही. मुद्दा वेगळाच आहे. मालाच्या गाडीत मालाबरोबर माणसे बसवू नयेत, हेही कायद्यात पूर्वीपासून आहे. तरी माणसे बसतात, कारण कामावर पोहोचण्याचे दुसरे साधन त्यांना कोणी दिलेले नसते. दोन वर्षांनी, १ जुलै २०२३ रोजी, त्याच तालुक्यात समृद्धी महामार्गावर खाजगी बस पेटून २५ प्रवासी गेले तेव्हा देश हळहळला आणि ते योग्यच झाले. पण त्या १३ मजुरांची नावे आज जिल्ह्यातील किती जणांना आठवतात? परप्रांतातून आलेल्या मजुराचा मृत्यू हा आपल्या हिशेबात कामाच्या खर्चातच धरलेला असतो काय, असा प्रश्न पडतो.

याच कायद्याखाली आणखी एक प्रकार येतो. मोठ्या रकमेच्या जीपगाड्या घेऊन, त्यांची चाके बदलून, त्या जमिनीपासून वीतभर उचलून मिरवण्याची हौस अलीकडे तालुक्याच्या गावांतही पोहोचली आहे. अशा गाडीचा दिवा समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर येतो, तिचा बंपर लहान गाडीच्या बंपरवर न आदळता काचेपर्यंत चढतो आणि नाकासमोर उभे असलेले मूल चालकाला दिसत नाही. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनासारख्या राज्यालाही गाडीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा चार इंच वा अधिक उंच करण्यावर २०२१ मध्ये बंदी घालावी लागली. आपल्याकडे कलम ५२ रेतीच्या टिपरला जसे लागू आहे तसेच या जीपलाही. परंतु नाक्यावर हात दाखवून थांबवले जाते ते कुटाराच्या गाडीला. जीपच्या काचेवर पक्षाचे चिन्ह किंवा पदाची पाटी असेल तर तिची उंची मोजण्याचे धैर्य कोणाला होणार?

मग करावे काय? दंडाची रक्कम आणखी वाढवणे हे उत्तर नव्हे. दंड जितका मोठा तितकी नाक्यावरची तडजोड मोठी. आज पाच टन जादा भारासाठी ३०,००० रुपये दंड होतो. चालकाला तो भरणे शक्य नाही आणि मालक तो पुढच्या खेपेच्या फाळक्यातून वसूल करतो. खरी गरज आहे ती जबाबदारी नाक्यावरून उचलून माल भरण्याच्या जागी नेण्याची. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत २०१४ पासून लागू असलेल्या अवजड वाहन कायद्यात माल पाठवणारा, तो भरणारा आणि खेपांचे वेळापत्रक ठरवणारा, या सर्वांवर उत्तरदायित्व आहे. आपल्या कायद्यातही बीज आहे. कलम ११३ नुसार जादा भार मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने भरला गेला असे न्यायालय गृहीत धरू शकते. या तरतुदीचा आधार घेऊन चालकाऐवजी मालकावर खटले भरावेत. आणि माल पाठवणाऱ्याचे नाव व वजन बिल्टीवर असतेच, तेव्हा कायद्यात दुरुस्ती करून त्यालाही गुन्ह्यात ओढावे.

बाकीचे उपाय साधे आहेत. जिनिंग कारखान्यात व बाजार समितीत वजनकाटा असतोच. त्याची रोजची नोंद परिवहन कार्यालयाकडे गेली पाहिजे. रेतीघाटावर ब्रास मोजतानाच हौद्याचे माप घ्यावे. ट्रकचा सांगाडा कंपनीचा आणि हौदा गावातल्या कारखान्यातला, ही आपली जुनी रीत आहे. म्हणून हौदा बांधणाऱ्याने त्यावर उंचीचे माप कायमचे कोरावे, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र देताना व रस्त्यावर तपासताना कोणालाही ते दिसेल. सार्वजनिक कामाच्या निविदेत मजुरांच्या ने-आणीसाठी बसचा खर्च वेगळा दाखवणे सक्तीचे करावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवा विभाग किंवा नवे महामंडळ लागत नाही. ट्रक मालकांच्या संघटना, चालक आणि हमालांचे कामगार संघ यांनी एकत्र येऊन ठरावीक उंचीवर माल भरण्याचा व त्याप्रमाणे भाडे घेण्याचा करार केला, तर टाचांवरची ही शर्यत एका हंगामात थांबू शकेल. एकट्याने टाच खाली टेकवणे परवडत नाही. सर्वांनी मिळून टेकवली तर कोणाचेच नुकसान होत नाही.

कायद्याने ठरवलेली उंची ही अधिकाऱ्यांची लहर नव्हे. रस्ता सर्वांचा आहे आणि त्यावरून पायी जाणाऱ्या माणसालाही तितकाच हक्क आहे, हे मान्य करणारी ती रेषा आहे. ती रेषा आज चालकाच्या पगारातून वसूल होते आणि मजुराच्या जिवावर मोडली जाते. दर ठरवणाऱ्याला तिची झळ पोहोचल्याशिवाय कोणताही फाळका एका इंचानेही खाली येणार नाही.