नाते आणि कौल

१४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजी राज्य संपलेच पाहिजे असे बजावले, याचा आम्हां सिंदी मेघेकरांस आजही अभिमान आहे. तोच न्याय आम्ही गोव्यास लावला. सालाझारने १९५१ साली वसाहतीस ‘सागरपार प्रांत’ म्हटले, साडेचारशे वर्षांचे नाते पुढे केले. गोमंतकीयांचे मत मात्र विचारले नाही. (१९६१ साली फौज धाडताना आपणही विचारले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.) सुरक्षा समितीतील पाश्चात्यांचा ठराव रशियाच्या नकाराधिकाराने पडला, हे बरेच झाले. अखेर १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेतला गेला आणि महाराष्ट्रातील विलीनीकरण सुमारे ३४ हजार मतांनी फेटाळले गेले. भाषेच्या नात्याचा हवाला देऊन तो कौल खोटा ठरविणारे विद्वान आम्हांस अजून भेटतात. सालाझारनेही नात्याचाच हवाला दिला होता ना?