सभाही उधळायची नाही, प्रश्नही दडपायचा नाही : महागावकरांचा जाहीर इशारा

महागाव तालुक्यातल्या महाविद्यालयांचे प्राचार्य, संस्थाचालक, सर्व पक्षांचे तालुक्यातले पुढारी आणि त्यांच्या विद्यार्थी आघाड्या, सगळ्यांनी हे नीट वाचावं.

कॉलेजच्या मंचावर आलेल्या कुठल्याही पक्षाच्या वक्त्याचं भाषण बंद पाडायचं नाही. भाषण संपल्यावर प्रश्न घेऊन उभ्या राहिलेल्या पोराला किंवा पोरीला खाली बसवायचं नाही. यातलं एक पाळून दुसरं मोडलंत, तर दोन्ही मोडलीत असंच आम्ही धरू.

जानेवारी २०१९ आम्ही विसरलेलो नाही. अमरावतीत एका महाविद्यालयीन कार्यक्रमात तेव्हाचे शिक्षणमंत्री विनोद तावडे यांना एका विद्यार्थ्याने मोफत उच्च शिक्षणाबद्दल विचारलं. परवडत नसेल तर नोकरी कर, असं उत्तर मिळाल्याचं छापून आलं. त्याचं मोबाइलवर चित्रण करणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थ्याला पोलिसांनी ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या. आपण तसा आदेश दिला नव्हता, असं तावडे यांनी नंतर सांगितलं. पण मंत्र्यासमोर मोबाइल उचलला की पोलीस येतात, एवढा धडा पोरांनी घेतलाच.

त्याच सुमारास आपल्या यवतमाळात ९२ वं साहित्य संमेलन भरायचं होतं. ते उधळून लावण्याच्या धमक्या आल्या आणि आयोजकांनी लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं. त्यांच्या येण्याला आपल्या पक्षाचा विरोध नाही, असं मनसेचे अध्यक्ष राज ठाकरे यांनी सांगितलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. न झालेलं ते भाषण वर्तमानपत्रांत छापून आलं, घरोघरी वाचलं गेलं. बदनाम झाला तो आपला जिल्हा. त्याआधी, १४ एप्रिल २०१६ ला, ऐन आंबेडकर जयंतीच्या दिवशी नागपुरात विद्यार्थी नेता कन्हैया कुमारच्या सभेत चप्पल भिरकावली गेली होती.

१९७५ साली, आणीबाणी चालू असताना, कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या. केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण तिथे स्वागताध्यक्ष होते. त्यांनी ते ऐकून घेतलं. तेवढी छाती आजच्या पुढाऱ्यांनी दाखवावी.

पोरांनो, हुर्यो उडवा, ‘उत्तर द्या’ म्हणून ओरडा, दाराबाहेर काळे झेंडे दाखवा, उठून निघून जा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू. पण माइकची वायर तोडणारा, खुर्ची फेकणारा, वक्त्याला गेटवरच अडवणारा आमचा कोणी नाही, मग त्याचा झेंडा कुठल्याही रंगाचा असो.

आणि प्राचार्य साहेब, ‘कायदा व सुव्यवस्था बिघडेल’ हे कारण आता पुढे करू नका. मोर्चाच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे झुकून अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दाबता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच रंगराजन खटल्यात सांगितलं आहे. बंदोबस्त मागायचा तो वक्त्यासाठी आणि प्रश्न विचारणाऱ्यासाठीही.

येत्या २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, प्रत्येक महाविद्यालयाच्या नोटीस बोर्डावर लेखी नियम लागला पाहिजे. सभागृह सगळ्या पक्षांना एकाच अटीवर मिळेल. भाषणानंतर किमान अर्धा तास खुले प्रश्न होतील, त्यासाठी आधी चिठ्ठ्या गोळा करून चाळल्या जाणार नाहीत. हजेरीचा धाक दाखवून पोरं आणून बसवली जाणार नाहीत.

हे झालं नाही, तर २७ तारखेपासून एकाही नेत्याच्या कार्यक्रमात खुर्च्या भरायला आमची मुलं बसणार नाहीत. अमरावतीला कुलगुरूंकडे आणि यवतमाळला जिल्हाधिकाऱ्यांकडे नावानिशी लेखी तक्रार जाईल. सभा उधळण्याची धमकी देणाऱ्यावर महागाव पोलीस ठाण्यात फिर्याद दाखल होईल. मध्यस्थी करायला कोणी येऊ नये. नाव आमच्याच घरातल्या पोराचं निघालं, तरी ती फिर्याद आम्ही मागे घेणार नाही.