लोकर स्वस्त, हात महाग

क्रोशाच्या ब्लँकेटमधली सगळ्यात स्वस्त गोष्ट कुठली, तर लोकर. हे ऐकलं की माझी मावशी 'पोरीला पगार जास्त झालाय' अशा नजरेने बघते. तिच्या मते लोकर हाच तर एकमेव खर्च. बाकी काय, हात आपलेच! नेमकं हेच मला पटत नाही. वीकांत आहे, वेळ आहे, तर जरा आकडेमोड करूया.

एक मीटर बाय एक मीटरचं, बाळाचं ब्लँकेट घ्या. मध्यम जाडीच्या लोकरीत दहा सेंटिमीटरला साधारण १४ खांब आणि ७ ओळी बसतात. म्हणजे १४० गुणिले ७०, झाले ९८०० खांब. मी मिनिटाला १५ खांब घालते (न उसवता, फोन न बघता). म्हणजे जवळजवळ ११ तास. त्यात सुरुवातीची साखळी, कडेची किनार आणि रंग बदलताना सुटलेली टोकं लपवणं धरलं की १५ तास कुठे गेले नाहीत. डबल बेडचं करायला घेतलंत तर याच्या पाचपट. कुर्ला ते वाशी हार्बर लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर माझ्या तीन ओळी होतात. म्हणजे बाळाच्या ब्लँकेटला तेवीस-चोवीस फेऱ्या, आणि रोज जागा मिळते असं मानून! :)

आता दुसरी बाजू. स्वस्तातल्या अ‍ॅक्रिलिकऐवजी चांगलं सुती घेतलं, तर एवढ्या ब्लँकेटमागे फरक पडतो पाचेकशे रुपयांचा. १५ तासांवर वाटला की तासाला तेहतीस रुपये. एक वडापाव आणि एक कटिंग. एवढे वाचवायला आपण तीन धुण्यांत गोळे धरणारी वस्तू बनवतो, आणि मग 'हाताने केलेलं टिकत नाही' म्हणतो. हाताचा काय दोष?

मुळात 'लोकर' या शब्दानेच घोळ केलाय. दुकानात जाऊन लोकर मागा, समोर येतं ते बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक, म्हणजे एका तऱ्हेचं प्लॅस्टिकच. मेंढीचा त्याच्याशी काही संबंध नाही. "ताई, एकदम प्युअर वूल आहे" असं कुणी सांगितलं तर वाद घालत बसू नका, बोटभर तुकडा घरी आणून सिंकवर चिमट्यात धरून जाळा. खरी लोकर केस जळल्याचा वास देते आणि ज्योत काढली की विझते. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो, मागे हलकी राख राहते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी होतो.

तो मणी बघितल्यापासून तान्ह्या बाळांसाठी मी अ‍ॅक्रिलिक वापरत नाही. शिवाय आपली मुंबई! जानेवारीतलं किमान तापमान सरासरी सोळा-सतराच्या आसपास, बाकी वर्षभर घाम. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही, सूत शोषतं. पंख्याखाली अंगावर घ्यायला सुतीच बरं. (जाळीची मोठी भोकंही नकोत, बाळाची बोटं अडकतात.) सुताचा तोटा म्हणजे वजन. मोठं सुती ब्लँकेट ओलं झालं की दोघांनी पिळावं लागतं, आणि दोरीवर टांगलं तर लांबतं. आडवं वाळवायचं. वन रूम किचनमध्ये कुठे, हा प्रश्न आहेच. म्हणून डबल बेडसाठी मी सूत-अ‍ॅक्रिलिक मिश्रण सुचवते.

सूत म्हणजे सगळं सारखंच, असंही नाही. कुर्ल्यात राहून हे न सांगणं बरं नाही. १८८६ साली जमशेटजी टाटांनी इथली डबघाईला आलेली धरमसी मिल विकत घेतली आणि तिची स्वदेशी मिल केली, ती बारीक सूत कातायचं म्हणून. पुढे २००० साली ती बंद पडली. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी निघतात तो आकडा. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. त्यासाठी कापसाचा तंतू लांब लागतो. लांब तंतूची टोकं कमी बाहेर येतात, म्हणून गोळेही कमी धरतात. क्रोशाच्या गुंडीवर 'मर्सराइज्ड' लिहिलेलं असेल तर ते सूत ताणून कॉस्टिक सोड्यातून काढलेलं असतं. त्याने चमक येते, मजबुती येते, रंग पक्का बसतो.

शालीचं गणित वेगळं. जाळीदार शाल ओली करून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की नक्षी उघडते, आणि हे खऱ्या लोकरीतच नीट जमतं. पण कुठलीही लोकर चालत नाही. तंतू तीस मायक्रॉनच्या वर गेला की मानेला टोचतो. मेरिनो वीसच्या आसपास असते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, गळ्याभोवती नको. आणि पाचगणीच्या सहलीपुरती शाल हवी असेल तर अ‍ॅक्रिलिक घ्या की, माझं काही म्हणणं नाही.

आता जरा तिखट. ऑफिसात शाल बघून "मला करून देशील?" विचारणाऱ्या बऱ्याच असतात. किंमत सांगितली की ठरलेलं उत्तर येतं, "अगं, मॉलमध्ये क्रोशाचा टॉप आठशेला मिळतो." मिळतो ना! पण तो आठशेला कसा परवडला, हे विचारा. दोन सुयांवरचं विणकाम मशीन करतं, कारण त्यात सगळे टाके ओळीने सुयांवर उभे असतात. क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत असतो, आणि सुई कापडात कुठूनही कुठेही घुसते. प्रयोगशाळेत प्रोटोटाइप झालेत, पण बाजारातला खरा क्रोशा आजही हातचाच. म्हणजे तो टॉप एकतर मशीनवरची नक्कल आहे, नाहीतर कुणीतरी तासाला फार थोड्या पैशांत विणलाय. दिवसाला बिलिंग रेट लावणाऱ्या आपल्या धंद्यातल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये.

माझा दर साधा आहे: लोकरीचे पैसे अधिक तास. भेट म्हणून द्यायचं असेल तर पैसे नाहीत, पण चिठ्ठीवर तंतू कुठला, धुवायचं कसं आणि तास किती लागले हे तिन्ही लिहिते.

जाता जाता: रंगाच्या नंबरासोबत गुंडीवरचा लॉट नंबरही बघा, आणि एक गुंडी जास्तीची घ्या. तोच लॉट महिन्याने मिळत नाही.