कर्ज कुणाचं, फेडलं कुणी?



गरीब देशांच्या कर्जाचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं. "घेतलं ना कर्ज? मग फेडा!" आमच्या नात्यातले बँकेतून निवृत्त झालेले लोक तर हे फार ठासून सांगतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे मीही वर्गात शिकवलं आहे. पण ज्याचं अंथरूणच पळवलं, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

कॅरिबियन समुद्रातल्या हैतीचंच बघा. तिथल्या गुलामांनी नेपोलियनच्या सैन्याला हरवून १८०४ साली स्वातंत्र्य मिळवलं. १८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने युद्धनौका पाठवल्या. मागणी काय, तर १५ कोटी फ्रँक द्या, मग तुमचं स्वातंत्र्य मान्य करू! कशाबद्दल? मळेवाल्यांची 'मालमत्ता' गेली म्हणून. त्या मालमत्तेत जमीन होती, तशी माणसंही होती. म्हणजे सुटलेल्या गुलामाने स्वतःची किंमत मालकाला मोजायची!

पहिलाच हप्ता ३ कोटींचा. तो भरायला पॅरिसच्याच सावकारांकडून ३ कोटींचं कर्ज काढावं लागलं. त्यातले ६० लाख सावकारांनी आधीच कापून घेतले. १८३८ मध्ये मूळ रक्कम ९ कोटींवर आणली, पण कर्जासाठी कर्ज हे चक्र सुटलं नाही. कॉफीवर कर बसवून शेतकऱ्याकडून पैसा वसूल केला आणि तो बाहेर गेला. मग शाळा, रस्ते, दवाखान्यांना उरणार काय? हा हिशेब मिटायला १९४७ साल उजाडलं.

आपल्याला हे नवं वाटू नये. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्चही इंग्रजांनी हिंदुस्थानच्याच माथी मारला होता.

कुणी म्हणेल, हैतीच्या राज्यकर्त्यांनी खाल्लं नाही का? खाल्लं. दुवालिए बापलेकांनी १९५७ ते १९८६ तिजोरी धुऊन नेली. पण खाल्लं त्यांनी आणि फेडायचं जनतेने, हा कुठला न्याय?

एप्रिल २०२५ मध्ये, त्या मागणीला दोनशे वर्षं झाली तेव्हा, फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी इतिहासकारांचा आयोग जाहीर केला. पैसे परत करण्याचा शब्द मात्र दिला नाही. हैतीला हप्ता चुकवण्याची सवलत नव्हती. फ्रान्सला मात्र दोनशे वर्षांनंतरही अभ्यासाला वेळ हवा आहे!

कर्ज फेडावं, जरूर फेडावं. पण आधी खातेवही नीट उघडा. देणेकरी कोण, ते त्यातच लिहिलेलं असतं.