स्क्रीनशॉट काढून टाकणाऱ्या संपादकांना

चळवळीच्या छोट्या मासिकांत आणि संकेतस्थळांवर एक सवय चांगलीच रुजली आहे. वृत्तवाहिनीच्या एखाद्या कार्यक्रमावर टीका करणारा लेख येतो. लेखक सोबत त्या कार्यक्रमाचे दोन-तीन स्क्रीनशॉट पाठवतो. संपादक लेख घेतात, स्क्रीनशॉट काढतात आणि त्या जागी माइकचे किंवा जुन्या टीव्ही संचाचे फुकटात मिळालेले चित्र लावतात. विचारले की उत्तर ठरलेले, "कॉपीराइटची भानगड नको." माझ्या दोन लेखांचे असे झाले आहे. याला लोक सावधपणा म्हणतात. मी शरणागती म्हणतो.

मी वकील नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पण लायसन्स वाचणे हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. दुसऱ्याचा कोड कुठे, किती आणि कोणत्या अटीवर वापरता येतो हे पाहिल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. त्याच सवयीने मी आपला कॉपीराइट कायदा, १९५७ वाचला. संपादकांनीही तो वाचावा. निदान पाच कलमे तरी.

आधी वाहिन्यांच्या बाजूचे सांगतो, कारण ते लपवून काही साधणार नाही. व्हिडिओ रेकॉर्डिंग हे कायद्याच्या भाषेत चित्रपटातच मोडते आणि चित्रपटाच्या मालकाला जे हक्क आहेत त्यांत त्यातल्या कोणत्याही दृश्याचे छायाचित्र काढण्याचा हक्क येतो. कलम १४ मध्ये तसे स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे "एकच तर फ्रेम घेतली" हा बचाव पुरेसा नाही. शिवाय कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले आहे. संपादकांची भीती हवेतून आलेली नाही, हे मला मान्य आहे.

पण वाचन तिथेच का थांबवता? कलम ५२ उघडा. कोणत्या गोष्टी उल्लंघन ठरतच नाहीत याची यादी तिथे आहे आणि यादीच्या अगदी सुरुवातीला रास्त वापर आहे, म्हणजे ज्याला फेअर डीलिंग म्हणतात तो. खासगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन हे त्याचे तीन हेतू. टीकेबाबत कायदा आणखी एक गोष्ट सांगतो. टीका त्याच कृतीवर असली पाहिजे असे नाही, दुसऱ्या कृतीवर असली तरी चालते. टीव्हीच्या प्रक्षेपणासाठी वेगळे कलम ३९ आहे. त्यातही घडामोडींचे वार्तांकन, प्रामाणिक समीक्षा, अध्यापन आणि संशोधन यांसाठी उतारे घेण्याची मुभा आहे. वाहिनीच्या कार्यक्रमावर टीका करताना तिचा पडदा दाखवणे यात बसत नसेल, तर मग यात बसते तरी काय?

जाता जाता एक सांगतो. आपल्याकडचे कितीतरी जण व्हिडिओखाली "कॉपीराइट कायदा १९७६, कलम १०७" असा इंग्रजी मजकूर चिकटवतात. तो अमेरिकेचा कायदा आहे. तिकडच्या फेअर यूजमध्ये चार निकष लावून कोणताही हेतू न्यायालयापुढे मांडता येतो. आपल्याकडे हेतूंची यादी बंद आहे, त्या यादीत बसलात तर पुढचे बोलणे. नागपूरच्या माणसाने नोटिशीला उत्तर देताना वॉशिंग्टनचे कलम दाखवणे म्हणजे पुण्याच्या चौकात दुबईचा वाहन परवाना काढून दाखवणे.

यादीत बसल्यावरही वापर रास्त होता का, हे पाहिले जाते. त्यासाठी केरळ उच्च न्यायालयाचा १९९६ चा सिव्हिक चंद्रन खटला आजही सांगितला जातो. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या मल्याळम नाटकाला उत्तर म्हणून चंद्रन यांनी प्रतिनाटक लिहिले आणि त्यात मूळ नाटकातला बराच भाग घेतला. न्यायालयाने तीन गोष्टी तपासायला सांगितल्या. किती आणि काय घेतले, कशासाठी घेतले, आणि नवी कृती जुनीशी स्पर्धा करते का? प्रतिनाटक टीकेसाठी होते, म्हणून त्याला वाट मिळाली. आता तासाभराच्या चर्चेतली एक फ्रेम या तीन प्रश्नांपुढे ठेवून पाहा. ती फ्रेम पाहून कोणी म्हणेल का, की आता मूळ कार्यक्रम बघायची गरज उरली नाही?

संपादक म्हणतात, पडद्यावर काय होते ते शब्दांत लिहा, चित्र कशाला? माझा खरा वाद इथे आहे. वाहिनीची पट्टी शब्दांत उतरवली की तिचे विष निघून जाते. पट्टीच्या शेवटी नेहमी प्रश्नचिन्ह असते, त्यामुळे "आम्ही फक्त प्रश्न विचारला" असे म्हणायला निवेदक मोकळा राहतो. त्या प्रश्नामागे लावलेले चित्र, अक्षरांचा रंग, कोणाचा चेहरा कोणत्या शब्दाशेजारी ठेवला, हे सगळे फक्त फ्रेममध्ये दिसते. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुदर्शन टीव्हीच्या 'यूपीएससी जिहाद' मालिकेचे उरलेले भाग थांबवले, तेव्हा सुनावणीत टोपी, दाढी आणि मागच्या ज्वाळा या चित्रांवरच न्यायाधीशांनी बोट ठेवले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांच्याविरुद्ध माध्यमांतून झालेल्या मोठ्या प्रचारावर ताशेरे ओढले. त्या प्रचाराची किती चित्रे आज आपल्याकडे आहेत? पुष्कळ व्हिडिओ वाहिन्यांनी गुपचूप काढून टाकले.

आणि कधी ते तक्रारदाराच्या विजयामुळेच निघतात. प्रसारकांच्या स्वनियमन संस्थेने, एनबीडीएसएने, फेब्रुवारी २०२४ मध्ये काही वाहिन्यांना आंतरधर्मीय नात्यांवरच्या कार्यक्रमांसह इतर कार्यक्रमांबद्दल दोषी धरले, दोघांना दंड केला आणि व्हिडिओ उतरवायला सांगितले. चांगलेच झाले. पण व्हिडिओ उतरला की पुरावाही उतरतो. पाच वर्षांनी कोणी विचारले, "असे खरेच दाखवले होते का?", तर आपल्याकडे माइकचे चित्र असेल. ज्याचा चेहरा वाहिनीने त्याला न विचारता पडद्यावर लावला, त्याने त्याच पडद्याचा फोटो दाखवायला मात्र वाहिनीची परवानगी मागायची, हा कुठला न्याय?

यूट्यूबवर तर वादीच न्यायाधीश झाला आहे. नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आले की चॅनल बंद होऊ शकते. वापर रास्त होता का, हे त्याआधी कोणत्याही न्यायालयाने पाहिलेले नसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्यूजलॉन्ड्रीचे चॅनल अशाच दाव्यांमुळे गोठले, कारण वाहिन्यांवर टीका करताना ते त्यांची दृश्ये दाखवत होते. पुढे टीव्ही टुडेने दावा लावला. जुलै २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी अंतरिम मनाई नाकारली, पण तोवर नऊ महिने गेले होते. मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने जाहीर आरोप केला की काही सेकंदांच्या दृश्यांवरचे स्ट्राइक मागे घेण्यासाठी एएनआयकडून त्याच्याकडे ४५ ते ५० लाखांच्या परवान्याची मागणी झाली. आपण आपला कायदेशीर हक्कच बजावतो आहोत, असे एएनआयचे म्हणणे आहे आणि त्या व्हिडिओवरून तिने मंगलवर बदनामीचा दावा लावला. त्या भांडणात कोण खरे, हे न्यायालय पाहील. मला दिसते ते एवढेच की मोठ्या चॅनलला वकील परवडतो, आपल्यासारख्यांना तेवढा एक ईमेल पुरतो.

आता आपल्या लोकांचेही. "सौजन्य : गुगल" ही ओळ कृपा करून बंद करा. गुगल फोटो काढत नाही. उरुसाच्या गर्दीचा फोटो एखाद्या फ्रीलान्स छायाचित्रकाराने दिवसभर उन्हात उभे राहून काढलेला असतो. तो उचलून कार्यक्रमाच्या पोस्टरवर लावणे ही चोरी आहे आणि तिला कलम ५२ वाचवणार नाही, वाचवूही नये. फरक कसा ओळखायचा? मी एकच प्रश्न विचारतो. चित्र काढून टाकले तर परिच्छेद अडतो का? चित्राबद्दलच बोलणे चालले असेल तर अडतो. नुसती जागा भरायची असेल तर अडत नाही. मग तिथे स्वतः काढलेला फोटो लावा, नाहीतर छायाचित्रकाराला विचारा, जमेल ते मानधन द्या. जुन्या सिनेमांवर लिहिणाऱ्यांना जरा मोकळीक आहे. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे १९६४ पर्यंतचे भारतीय चित्रपट त्यातून सुटले आहेत.

स्क्रीनशॉट घ्यायचाच तर नीट घ्या. वाहिनीचे बोधचिन्ह, पट्टी आणि वेळ फ्रेममध्ये राहू द्या. कापाकापी करू नका, लाल बाण काढायचा असेल तर तो वेगळ्या प्रतीवर काढा. खाली वाहिनी, कार्यक्रम, तारीख लिहा. लागतील तेवढ्याच फ्रेम घ्या, अख्खी क्लिप चढवू नका. मूळ फाइल बाजूला ठेवून तिचा एसएचए-२५६ हॅश काढून ठेवा. कोणत्याही लॅपटॉपवर एका ओळीच्या आज्ञेत तो निघतो. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्यात हा हॅश विचारलेला आहे.

राहिले पाचवे कलम, ६०. कॉपीराइटच्या नावाने कोणी बिनबुडाची धमकी दिली, तर धमकी मिळालेला माणूसच न्यायालयात जाऊन "हे उल्लंघन नाही" असे ठरवून मागू शकतो, धमक्यांना मनाई आणि नुकसानभरपाईही मागू शकतो. धमकी देणाऱ्याने तत्परतेने स्वतः दावा लावला तर हे कलम लागू होत नाही, पण मग त्याला निदान न्यायाधीशासमोर तरी यावे लागते. आपल्या चळवळीत वकील कमी नाहीत. तिघा-चौघांनी मिळून अशा नोटिशींना द्यायच्या उत्तराचा मसुदा एकदा मराठीत आणि इंग्रजीत करून ठेवावा. तांत्रिक बाजू मी लिहून देतो. तोवर नोटीस आली तर चित्र उतरवण्याआधी ती वकिलाला दाखवा आणि मूळ फाइल पुसू नका.