बरोबर ओळही ओळखता यायला हवी

केंब्रिजच्या सी-वन अ‍ॅडव्हान्स्ड परीक्षेत पूर्वी चूक शोधण्याचा स्वतंत्र प्रश्न असे. ‘इंग्लिश इन यूज’ या पेपरात एक सलग उतारा यायचा. काही ओळींत एखादा जादा शब्द घातलेला असायचा, किंवा स्पेलिंगच्या आणि विरामचिन्हांच्या चुका पेरलेल्या असायच्या. काही ओळी मात्र निर्दोष असायच्या. डिसेंबर २००८च्या फेररचनेत हा प्रश्न गेला, फर्स्ट सर्टिफिकेटमधलाही गेला, आणि त्याबरोबर अनेक वर्गांतून हा सरावही गेला. पेपरात नाही ते कशाला शिकवायचे, हा शिक्षकांचा हिशेब समजण्यासारखा आहे. पण तो चुकीचा आहे असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न गेला, काम राहिलेच. आज याच परीक्षेच्या लेखनाच्या पेपरात ९० मिनिटांत २२० ते २६० शब्दांचे दोन मजकूर लिहायचे असतात आणि गुणांच्या चार निकषांपैकी एक निव्वळ भाषेचा असतो. आयेल्ट्सच्या लेखनातही चतुर्थांश वजन व्याकरणाची व्याप्ती आणि अचूकता यांना आहे. आपले विद्यार्थी एरवी फोनवर आणि लॅपटॉपवर लिहितात, तिथे शब्द चुकला की खाली लाल रेघ उमटते. परीक्षेच्या संगणकावर ती रेघ नसते. आपल्याच मजकुराकडे परक्याच्या नजरेने पाहायची सवय ज्याला कधी लावलीच नाही, तो शेवटच्या पाच मिनिटांत काय तपासणार? बहुतेक जण शब्द मोजतात आणि पेपर देतात.

सराव अजिबात होत नाही असेही नाही. सीडीएस, स्टाफ सिलेक्शन, बँका यांच्या तयारीत ‘स्पॉटिंग एरर्स’ भरपूर घोटले जाते. एक सुटे वाक्य, त्याचे तीन तुकडे, चौथा पर्याय ‘नो एरर’. ‘वन ऑफ द’ दिसले की पुढे अनेकवचन बघा, ‘नायदर’ दिसले की ‘नॉर’ शोधा. त्या परीक्षांसाठी हे लागतेच, त्याला आमची हरकत नाही. पण हीच पुस्तके प्रगत पातळीच्या वर्गात आणून ‘एरर करेक्शन झाले’ असे समजणे घातक आहे. तिथे विद्यार्थी वाक्य वाचत नाही, खूण शोधतो. स्वतःच्या निबंधात अशी खूण कोणी करून ठेवलेली नसते.

फरक कुठे पडतो ते पाहा. केंब्रिजच्याच बिझनेस हायर परीक्षेत, वाचनाच्या पेपराच्या सहाव्या भागात, जादा शब्द शोधायच्या बारा ओळी असतात. त्या धर्तीवर आम्ही रचलेल्या या दोन ओळी. पहिली संपते ‘द मॅनेजर हू हॅड बीन’ या शब्दांवर. दुसरी सुरू होते ‘प्रॉमिस्ड अस अ रिप्लाय बाय फ्रायडे’. पहिली ओळ एकटी वाचली तर तिच्यात खोट नाही. दुसरीतही नाही. दोन्ही जोडून ‘अस’पर्यंत पोचल्यावरच कळते की आश्वासन मॅनेजरला मिळालेले नाही, मॅनेजरने ते आम्हाला दिले आहे, म्हणून ‘बीन’ जादा आहे. ‘अस’ काढला तर ‘बीन’ शोभला असता! म्हणजे इथे कर्मणी प्रयोगाचा नियम पाठ असून भागत नाही. कोणी कोणाला काय सांगितले हे समजावे लागते. प्रगत पातळीवरची चूक बहुधा अशीच असते. ती शब्दात नसते, वाक्याच्या अर्थाशी शब्दाच्या नात्यात असते.

मराठी मुलांना हा जादा शब्दांचा सराव फार उपयोगी पडतो, कारण त्यांचे कितीतरी जादा शब्द थेट मराठी वाक्यातून येतात. जरी-तरीच्या जोडीमुळे ‘ऑलदो’नंतर ‘बट’ येतो. जो-तोच्या सवयीने ‘द रिपोर्ट विच आय सबमिटेड इट’ असे लिहिले जाते. कशाबद्दल तरी चर्चा करायची म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘अबाऊट’ लागतो. मात्र एवढ्यावर थांबू नये. आपल्याकडे त्याहून जास्त त्रास गळलेल्या शब्दांचा आहे, विशेषतः आर्टिकल्सचा, आणि जादा शब्द शोधायला सांगणारा कोणताही छापील प्रश्न ते पकडत नाही. नसलेला शब्द दिसत नाही, म्हणून तो शोधायला शिकवणे अवघड. त्यासाठी उतारे शिक्षकांनीच तयार करायला हवेत.

ते तयार करताना बरोबर ओळी भरपूर ठेवा. प्रत्येक ओळीत चूक आहेच असे ठाऊक असले की विद्यार्थी चांगल्या वाक्यालाही हात घालतो. ‘द न्यूज इज’चे ‘द न्यूज आर’ होते, बरोबर जागी असलेला ‘द’ खोडला जातो. ही जादा दुरुस्ती आम्हाला न सापडलेल्या चुकीपेक्षा गंभीर वाटते, कारण स्वतःचे वाक्य बरोबर आहे हा विश्वासच त्यात डळमळतो. उताऱ्यातल्या निम्म्या ओळी निर्दोष असू द्या आणि ‘ही ओळ बरोबर का?’ याचेही कारण विचारा.

पिट कॉर्डर यांनी १९६७ सालच्या निबंधात दोन प्रकार वेगळे केले: नियमच ठाऊक नसल्याने होणारी चूक, आणि ठाऊक असून घाईत, थकव्यात निसटणारी चूक. दुसरी विद्यार्थी स्वतः दुरुस्त करू शकतो. आपण मात्र वही हातात येताच दोन्हींवर सारखीच लाल शाई चालवतो. जॉन ट्रस्कॉट यांनी तर १९९६ मध्ये लेखनाच्या वर्गातली व्याकरणाची दुरुस्ती बंदच करावी असे मांडले. तिथवर आम्ही जाणार नाही. पण निसटलेली चूक शिक्षकाने सुधारून दिली तर विद्यार्थ्याच्या हाताला काहीच काम उरत नाही, हे खरे आहे. पहिल्या फेरीत चुकीखाली रेघही मारू नका. समासात त्या ओळीसमोर फक्त एक टिंब द्या आणि वही परत करा. त्याला जे सापडले ते निसटले होते. सापडले नाही ते शिकवायचे आहे. पुढचा पाठ कोणता घ्यायचा हे यातून जितके नेमके कळते, तितके कोणत्याही मॉक टेस्टमधून कळत नाही.

तपासणीची वेळही बदलून पाहा. निबंध लिहून झाल्या झाल्या वाचला तर डोळ्यांना मनातलेच वाक्य दिसते. वह्या गोळा करा, पुढच्या आठवड्यात वाटा, आणि एका वाचनात एकच गोष्ट पाहायला सांगा: आधी क्रियापदे, मग नामांपुढची आर्टिकल्स, शेवटी विरामचिन्हे. सरावाने हे अंतर आठवड्यावरून दहा मिनिटांवर आणता येते. परीक्षेत तेवढीच मिळतात, तीही आधीपासून राखून ठेवली तर.

पुढच्या अंकापासून दोन पाने अशा उताऱ्यांसाठी ठेवत आहोत. आपल्या विद्यार्थ्यांच्या लेखनातून, त्यांच्या परवानगीने आणि नावे काढून, पंधरा-वीस ओळींचा मजकूर पाठवा. चुका त्यांच्याच असू द्या, नव्या पेरू नका. सोबत उत्तरे आणि प्रत्येक उत्तराचे कारण लिहा. निर्दोष ओळींचेही.